शिकवावयास आलेले विद्यार्थी

परदेशीं गेलेल्या मुलाला घरच्या वडील माणसांचा पहिला प्रश्न असतो तो जेवणाचा. पूर्वीं हा प्रश्न पत्रांतून जात असे व उत्तर येईपर्यंत महिना-दोन महिने लोटत. आतां दूरध्वनीवर मुलाचा चेहराहि दिसतो आणि उत्तर त्याच क्षणीं मिळतें. प्रश्न मात्र बदललेला नाहीं. काय जेवलास, पाणी कसें आहे, थंडी सोसते ना, यापलीकडे आपली विचारपूस सहसा जात नाहीं, आणि मुलगाहि "सर्व ठीक आहे" असें सांगून मोकळा होतो. अन्न, पाणी व हवा हीं तीन अंगवळणीं पडलीं कीं माणूस त्या देशांत रुळला, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार या महिन्यांत करावयाचा आहे. तो आपल्या मुलांच्या उदाहरणावरून न करितां, उलट दिशेनें आपल्याकडे आलेल्या कांहीं तरुणांच्या उदाहरणावरून करावा, असें योजिलें आहे. हे तरुण म्हणजे ख्रिस्ती मिशनरी.

मिशनरी हा शब्द उच्चारतांच आपल्या घरांतील जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडते, हें मी जाणून आहें. ती आठी अकारण पडत नाहीं. गोव्यांत साष्टी प्रांतीं १५६७ सालीं देवळें पाडलीं गेलीं, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. १८४३ सालीं मुंबईंत नारायण शेषाद्रि हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा त्याच वाटेवर असतां बापाला न्यायालयांत धांव घ्यावी लागली. मुलगा परत मिळाला. पण त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं न घ्यावें, यावरून केवढा गहजब उडाला, आणि मुलाची बाजू घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना त्यापायीं किती सोसावें लागलें, हें त्या काळच्या इतिहासांत नमूद आहे. घरांतला मुलगा असा दूर होणें म्हणजे काय, हें त्या घरालाच ठाऊक. हेच नारायण शेषाद्रि पुढें आमच्या बीड जिल्ह्याच्या शेजारीं, जालन्यास, येऊन राहिले व तेथें त्यांनीं मिशनचें मोठें कार्य उभारिलें. तेव्हां हा विषय आम्हां मराठवाड्यांतील लोकांना केवळ पुस्तकांतला नाहीं.

परंतु ज्याच्याशीं आपला वाद आहे त्याचें म्हणणें व त्याची करणी आधीं नीट समजून घ्यावी, ही आपल्या शास्त्रकारांचीच शिस्त आहे. पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडल्यावांचून उत्तरपक्ष करण्याचा अधिकार प्राप्त होत नाहीं. म्हणून धर्मांतराचा वाद तूर्त बाजूस ठेवून, विशी-तिशींतला एक परका माणूस या देशांत येऊन राहिला, तो कसा राहिला, एवढेंच आज पाहूं.

१८१२ सालीं अमेरिकेहून पांच तरुण उपदेशक हिंदुस्थानास यावयास निघाले. पांचहि तिशीच्या आंतले. शिडाच्या जहाजांतून कित्येक महिन्यांचा प्रवास करून ते कलकत्त्यास उतरले, तों कंपनी सरकारनें त्यांना राहण्याची परवानगी नाकारिली. त्यांपैकीं सॅम्युअल न्यूएल हा पत्नीसह मॉरिशस बेटाकडे वळला. वाटेंत बाळ जन्मलें व गेलें. आणि मॉरिशसला १८१२ च्या नोव्हेंबरांत त्याची पत्नी हॅरिएट वारली. तिचें वय अवघें एकोणीस वर्षांचें होतें. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस पोंचले. तेथेंहि त्यांना निघून जाण्याचा हुकूम झाला, आणि जवळजवळ वर्षभर आज राहावयाचें कीं उद्यां जावयाचें याचा निश्चय नसतां त्यांनीं दिवस काढले. शेवटीं परवानगी मिळाली. पुढें नॉट प्रकृति ढासळल्यामुळें १८१५ मध्यें परत गेला. मागाहून मुंबईस आलेला न्यूएल १८२१ मध्यें पटकीनें वारला. हॉल १८२६ च्या मार्चमध्यें नाशिकच्या बाजूस दौऱ्यावर असतां त्याच रोगानें गेला. पटकीचें खरें कारण तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें. रॉबर्ट कॉखनें तिचा जंतु दाखवून दिला तो १८८३-८४ मध्यें. तेव्हां पाणी सोसतें कीं नाहीं, हा प्रश्न त्या काळीं नुसत्या काळजीचा नव्हता, जीवन-मरणाचा होता.

यथावकाश या मंडळींनीं शरीराची सोय लावून घेतली. उंच जोत्याचा व रुंद ओसरीचा बंगला, छताला टांगून दोरीनें ओढावयाचा पंखा, उन्हाळ्यांत महाबळेश्वर आणि हिंवाळ्यांत बैलगाडी व राहुट्या घेऊन खेडोपाडीं दौरा, असा त्यांचा वर्षाचा क्रम ठरून गेला. घाटावरच्या गांवांत पाव मिळावयाचा नाहीं, तेव्हां तो घरींच भाजावयाचा. ज्वारीची भाकरी कोणी आवडीनें खाई, कोणी अगतिक होऊन. मुलें सहा-आठ वर्षांचीं झालीं कीं त्यांना शिक्षणासाठीं मायदेशीं नातलगांकडे धाडावयाचें, आणि मग वर्षानुवर्षें त्यांचें तोंड पाहावयाचें नाहीं. सुएझचा कालवा १८६९ मध्यें खुला होईपर्यंत जहाजें आफ्रिकेला वळसा घालून येत. मुलाच्या आजाराची बातमी हातीं पडे तेव्हां मुलगा बरा होऊन खेळत असेल किंवा या जगांत नसेलहि, हें आईला कळावयास मार्ग नव्हता. हें सोसणें लहान नव्हे, आणि त्याला मान द्यावा तेवढा थोडाच.

पण एवढें सोसूनहि जो बंगल्याच्या कुंपणाआंत राहिला तो वीस वर्षांनींहि परकाच राहिला. हवा सोसणें, अन्न पचणें, हें रुळणें झाडाझुडपांनाहि साधतें. आपल्या एकादशीच्या फराळाचेंच पाहा. बटाटा, रताळें, शेंगदाणा आणि मिरची हीं चारहि मूळचीं अमेरिका खंडांतलीं. तीं येथल्या मातींत अशीं रुजलीं कीं उपासाला चालतात कीं नाहींत, हा प्रश्नहि आज कोणाच्या मनांत येत नाहीं. माणसाचें मात्र तसें नाहीं. माणूस परक्या मातींत रुजतो तो जिभेनें, पण चवीच्या नव्हे, भाषेच्या.

भाषा बंगल्यांत आणून ठेवितां येत नाहीं. तिच्याकडे आपणच चालत जावें लागतें. आपल्याला मराठी आईच्या दुधाबरोबर मिळालेली असल्यामुळें ती परक्याला किती अवघड आहे याची कल्पना येत नाहीं. त आणि ट, द आणि ड यांतला भेद इंग्रजी कानाला प्रथम ऐकूंच येत नाहीं. 'चमचा' या तीन अक्षरी शब्दांत एकाच च चे दोन निराळे उच्चार आहेत, आणि लिहितांना त्यांत कांहींच फरक दिसत नाहीं. दगड पुल्लिंगी, वीट स्त्रीलिंगी, आणि या दोहोंनीं बांधलेलें घर नपुंसकलिंगी. याला कारण काय म्हणून विचारलें तर व्याकरणकारहि रूढीकडे बोट दाखवितो. इंग्रजींत जेथें एक शब्द पुरतो तेथें आपल्याकडे आत्या, मावशी, काकू आणि मामी अशा चौघी उभ्या राहतात, आणि एकीच्या जागीं दुसरी म्हटलेली खपत नाहीं. निरोप घेणाऱ्यानें 'जातों' म्हणावयाचें नाहीं, 'येतों' म्हणावयाचें. बांगडी फुटली तर ती 'वाढविली' म्हणावयाचें. शिवाय त्या काळीं लिप्याहि दोन. पोथ्या बाळबोधींत आणि रोजचा व्यवहार मोडींत. विल्यम केरीनें मराठीचें व्याकरण १८०५ मध्यें छापिलें, आणि १८१० मध्यें त्याचा मराठी कोश निघाला तो मोडी अक्षरांत. हीं दोन्ही पुस्तकें महाराष्ट्रांत नव्हे, बंगालमधील श्रीरामपूरला छापलीं गेलीं. आणि केरीला मराठी शिकविणारा वैजनाथ नांवाचा पंडित तेथें नसता तर तीं झालींच नसतीं.

येथेंच खरी गोष्ट येते. तरुण मिशनरी आपल्या देशांतल्या महाविद्यालयांत ग्रीक, लॅटिन आणि ईश्वरविद्या शिकून आलेला. आपल्याजवळ सत्य आहे व तें या लोकांना द्यावयाचें आहे, या निश्चयानें त्यानें समुद्र ओलांडलेला. पण येथें उतरल्यावर त्याला पहिलें वर्ष-दोन वर्षें रोज सकाळीं एका शास्त्रीबोवांपुढें बसून बाराखडी गिरवावी लागे. जो गुरु होण्यास आला त्याला आधीं शिष्य व्हावें लागे, आणि तेंहि अशा माणसाचें, ज्याला तो अंधारांत चांचपडणारा समजत होता. शाळेंत आयुष्य घालविलेल्या माणसाला एवढें खात्रीनें सांगतां येतें कीं, दुसऱ्यानें चूक दाखविली असतां ती मुकाट्यानें ऐकून घेण्याची तयारी वयाबरोबर वाढत नाहीं, घटते. शिकलेल्या माणसाची तर ती फारच लवकर घटते. म्हणून अन्न-पाण्यापेक्षां ही परीक्षा कठीण होती. कांहीं जण तींत कसेबसे पार पडले. व्यासपीठावर बोलण्यापुरतें मराठी आलें, पुढें गाडी सरकली नाहीं. कांहीं जण मात्र आयुष्यभर विद्यार्थीच राहिले, आणि त्यांचेंच नांव आज आपण घेतों.

शास्त्रीबोवांचाहि विचार येथें केला पाहिजे. म्लेंच्छाला विद्या सांगावयाची, त्याच्या ओसरीवर वेगळी सतरंजी टाकून बसावयाचें, त्याच्या घरच्या पाण्याला शिवावयाचें नाहीं, घरीं येऊन स्नान करावयाचें, आणि दरमहाचे रुपये मात्र घ्यावयाचे. याबद्दल आळींत काय बोललें जात असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. कदाचित् आपणच शिकविलेल्या भाषेंत हा साहेब उद्यां आपल्या देवांची निंदा करील, हेंहि ते जाणून असतील. तरी त्यांनीं विद्या चोरून ठेविली नाहीं. त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवेंहि मागें राहिलीं नाहींत.

या विद्यार्थ्यांत सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला, तेव्हां सुमारें तीस वर्षांचा होता. पुढें चाळीस वर्षें साष्टींत राहून १६१९ मध्यें तेथेंच वारला. १५८३ मध्यें आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत येथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन यांच्यासारखी आहे, असें त्यानें नमूद केलें. कलकत्त्यास सर विल्यम जोन्सनें संस्कृताबद्दल हाच विचार जगापुढें मांडला तो १७८६ मध्यें, म्हणजे दोनशें वर्षांनीं. येथें येऊन चार वर्षेंच झालेल्या माणसानें भाषा किती बारकाईनें ऐकिली असेल, हें यावरून दिसतें. १६१६ मध्यें रायतूरला रोमी अक्षरांत छापलेलें त्याचें 'क्रिस्तपुराण' सुमारें अकरा हजार ओव्यांचें आहे. त्याचा विषय आपला नाहीं. पण ओवी आपली आहे, पुराणाची मांडणी आपली आहे, आणि मराठीचा गौरव त्यांत जसा आहे तसा करणारे देशी कवीहि थोडेच. ज्या प्रांतांत देवळें पाडलीं गेलीं त्याच प्रांतांत, त्याच धर्माच्या माणसानें हें लिहिलें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीमुळें दुसरी खोटी ठरत नाहीं.

आतां एका बाईचें उदाहरण घेऊं. सिंथिया फॅरार ही १८२७ च्या अखेरीस अमेरिकेहून मुंबईस आली. वय बत्तीस, लग्न झालेलें नाहीं, बरोबर बाप नाहीं, भाऊ नाहीं. अमेरिकन बोर्डानें अविवाहित स्त्रीला एकटी समुद्रापार धाडण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्या काळच्या आपल्या समाजाला ही बाई म्हणजे न सुटणारें कोडेंच वाटलें असेल. मिशनऱ्यांच्या बायकांना निदान स्वतःचा संसार होता. हिला शाळेवांचून दुसरें घर नव्हतें. तिनें मुंबईंत मुलींच्या शाळा चालविल्या, प्रकृतीसाठीं मध्यें दोन वर्षें मायदेशीं जाऊन आली, आणि १८३९ पासून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, राहून १८६२ मध्यें तेथेंच तिनें देह ठेविला. नगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांनीं १८४८ मध्यें पुण्यास मुलींची शाळा काढिली, आणि सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे याच फॅरारबाईंच्या नगर येथील संस्थेंत घेतले, हें त्यांच्या चरित्रकारांनीं लिहून ठेविलें आहे. फॅरारबाई आल्या धर्मप्रसारासाठीं. त्यांच्या हातून ख्रिस्ती किती झाले हा हिशेब मिशनच्या वहींत असेल. पण आपल्या घरांतल्या मुली आज पदवीधर आहेत त्याच्या मुळाशीं जीं माणसें आहेत, त्यांच्या ओळींत एका कोपऱ्याला या बाईचीहि जागा आहे.

कांहीं जणांनीं बंगल्याचें कुंपणच मोडून टाकिलें. जॅक विन्स्लो हा इंग्रज मिशनरी नगरास असतां बंगल्याची राहणी आणि ख्रिस्ताचा उपदेश यांचा मेळ बसत नाहीं असें त्याला वाटूं लागलें, आणि १९२२ मध्यें त्यानें 'ख्रिस्तसेवासंघ' स्थापिला. पुढें पुण्यास त्याचा आश्रम झाला. तेथें युरोपियन आणि देशी बंधु खादी नेसत, जमिनीवर बसून एका पंक्तीला शाकाहारी जेवण घेत. व्हेरिअर एल्विन हा ऑक्सफर्डचा पंचवीस वर्षांचा विद्वान् १९२७ मध्यें याच आश्रमांत आला. खादी नेसणें आणि मांडी घालून जेवणें हें त्यानें साधिलें. पण त्याचें मन खरोखर बदललें तें दुसऱ्या कारणानें. साबरमतीला जाऊन तो महात्माजींपुढें शिष्य म्हणून बसला, आणि १९३२ पासून मंडला जिल्ह्यांतल्या गोंडांमध्यें राहून त्यांच्या चालीरीती शिकूं लागला. उपदेश करण्यास आलेला माणूस ऐकावयास लागला, आणि ऐकतां ऐकतां उपदेशकाचें पदच त्यानें सोडून दिलें. १९५४ मध्यें तो या देशाचा नागरिक झाला. त्याला पाठविणाऱ्यांना हें यश वाटलें नसेल. पण परक्या देशांत शिकणाऱ्याला आपण शेवटीं कोठें पोंचूं याची हमी कोणी देऊं शकत नाहीं. ज्याला बदलावयाचें नाहीं त्यानें शिकावयास बसूंच नये.

आमच्या जिल्ह्याशीं ज्याचें ऋण थेट जडलें आहे असा या मालिकेंतला विद्यार्थी म्हणजे जस्टिन ॲबट. हा मिशनऱ्याचाच मुलगा. १८८१ पासून १९१० पर्यंत तो अमेरिकन मराठी मिशनमध्यें होता. निवृत्त होऊन अमेरिकेस परत गेल्यावर म्हातारपणीं त्यानें हातीं घेतलें तें काम म्हणजे महाराष्ट्रांतील संतकवींचीं चरित्रें व वाणी इंग्रजींत आणण्याचें. भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास अशी ती माला १९२६ पासून निघत गेली. आणि तींत एक पुस्तक आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या चरित्राचें आहे. पासोडीवर ओव्या लिहिणारे दासोपंत आपल्या मराठवाड्याबाहेर तेव्हां फारसे कोणाला ठाऊक होते? आणि दत्तभक्ताचें चरित्र इंग्रजींत आणावें, असें एका निवृत्त पाद्र्याला अमेरिकेंत बसून वाटावें! १९३२ मध्यें तो वारला. महीपतीच्या 'भक्तविजया'चें त्याचें भाषांतर त्यानंतर प्रसिद्ध झालें. त्याच्या मुखपृष्ठावर ॲबटच्या नांवाबरोबर पंडित नरहर गोडबोले यांचें नांव छापलेलें आहे. सव्वाशें वर्षें ओसरीवरच्या सतरंजीवर बसलेले शास्त्रीबोवा येथें प्रथम साहेबाच्या शेजारीं बसलेले दिसतात. मला त्या ग्रंथांतलें हें पान सर्वांत मोलाचें वाटतें.

शिकण्याचा हा ओघ एका बाजूनेंच वाहिला असें मात्र नाहीं. आपल्या बाजूलाहि विद्यार्थी निघाले. अमेरिकन मिशननें मुंबईंत छापखाना घातला तो आपल्या धर्मग्रंथांसाठीं. तेथलें काम पाहून गणपत कृष्णाजींनीं स्वतः शाई व खिळे सिद्ध केले, आणि १८३१ मध्यें मराठी पंचांग छापिलें. त्याच मिशनच्या छापखान्यांत लहानपणीं कामाला राहिलेल्या जावजी दादाजींनीं खिळे ओतण्याची विद्या तेथें हस्तगत केली व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढिला. आमच्या पिढीनें कालिदास आणि भवभूति वाचले ते निर्णयसागरच्या सुबक अक्षरांत. आमच्या शास्त्र्यांना दुर्मिळ काव्यें मिळालीं तीं त्यांच्या 'काव्यमाले'मुळें. बायबल छापण्यासाठीं आणिलेल्या विद्येनें वेदशास्त्रांचें रक्षण झालें. देणाराच्या मनांत जें असेल तेंच घेणाराला घ्यावें लागतें असें नाहीं, हें जावजी दादाजींनीं दाखवून दिलें.

आणि उलट दिशेनें गेलेलें आपलें माणूस? कोल्हापूरच्या एका मिशनऱ्याशीं झालेला गोपाळराव जोश्यांचा पत्रव्यवहार अमेरिकेंतल्या एका मासिकांत छापला गेला, तो न्यू जर्सींतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनांत आला, आणि त्यांनीं आपण होऊन पत्र धाडलें; त्या ओळखीवर आनंदीबाई जोशी १८८३ मध्यें अठराव्या वर्षीं एकट्या अमेरिकेस गेल्या. गोपाळरावांना धर्मांतराची अट पुढें केली गेली होती, ती त्यांनीं मानिली नाहीं. आनंदीबाईंनीं लुगडें सोडिलें नाहीं, शाकाहार सोडिला नाहीं. थंडीनें मात्र त्यांचें शरीर पोखरलें. १८८६ मध्यें त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला. अन्न-पाणी-हवेच्या कसोटीवर पाहिलें तर त्या अमेरिकेंत रुळल्याच नाहींत. पण ज्या कार्पेंटरबाईंना त्या 'मावशी' म्हणत, त्या मावशीला त्या परक्या राहिल्या नाहींत. त्या शिकावयास गेल्या होत्या, आणि शिकणाऱ्याला जगांत कोठेंहि एखादी मावशी भेटते.

या सर्वांतून जें दिसतें तें एवढेंच. शरीर परक्या देशाला सरावतें किंवा सरावत नाहीं. तें पुष्कळदा आपल्या हातीं नसतें. हॅरिएट न्यूएलच्या हातीं तें नव्हतें आणि आनंदीबाईंच्याहि नव्हतें. आपल्या हातीं असतें तें एकच: तेथल्या माणसासमोर विद्यार्थी म्हणून बसावयाचें कीं नाहीं. जो केवळ द्यावयास जातो, मग तें सत्य असो, कौशल्य असो कीं श्रम असो, तो तेथें वीस वर्षें राहूनहि पाहुणाच राहतो. जो घ्यावयास बसतो त्याला तो देश आपलें कांहीं तरी देतो, आणि कधीं कधीं त्याला स्वतःचेंहि कांहीं तरी सोडावें लागतें.

म्हणून सुज्ञ पालकांना एक सुचवावेंसें वाटतें. अमेरिकेंत, जर्मनींत किंवा बंगळुरांत असलेल्या मुलाला जेवणाचें जरूर विचारावें; तो आईचा हक्क आहे. पण त्याबरोबर हेंहि विचारावें कीं, तेथें तुझी चूक कोण दाखवितें? कार्यालयाबाहेरच्या एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्याचें नांव तुला ठाऊक आहे का? त्यांचा एखादा सण तूं त्यांच्याकडून समजून घेतलास का? केवळ मराठी मंडळाच्या गणपतीपुरता जो घराबाहेर पडतो, त्यानें पंख्याचा बंगलाच बांधिला आहे, मग तो पंखा विजेचा कां असेना.

दुसरें सुचवावयाचें आहे तें घरीं राहणाऱ्या आपल्यासाठीं. आजकाल बीडसारख्या गांवींहि बँकेंत, रुग्णालयांत, शासकीय कचेरींत परप्रांतांतून आलेली तरुण मुलें-मुली दिसतात. त्यांतला एखादा धीर करून मोडकें मराठी बोलूं लागला कीं आपण हंसतों, किंवा त्याची दया येऊन लगेच हिंदीवर जातों. दोन्हींचा परिणाम एकच: त्याचें शिकणें तेथेंच थांबतें. त्यापेक्षां त्याचें वाक्य पुरें होऊं द्यावें, लिंग चुकलें असेल तें हळूच सुधारून द्यावें, आणि पुन्हां बोलावयास सांगावें. ज्यांचीं नांवें राहिलीं नाहींत त्या शास्त्रीबोवांनीं, आपला धर्म सांभाळून, पंथानें विरोधी असलेल्या परक्याला एवढें दिलें. आपल्याला तर स्नानहि करावें लागत नाहीं.